सागाच्या पानातली साडी

भेटवस्तूवरचा चमकीचा कागद मला डोळ्यांसमोर नको असतो. मुलगी शाळेत असताना आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये तिचा वाढदिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी मी तो फाटक्या कागदाचा ढीग अंगणात जाळायला घेतला. तो जळेना. वितळला, आकसला, त्याची काळी वडी झाली आणि तिचा वास पडद्यांत जाऊन बसला. वीज केंद्राच्या चिमण्यांखाली संसार करणाऱ्या बाईनं एवढ्याशा धुराची तक्रार करावी, याचं शेजारणींना हसू आलं. मी मात्र तिथंच शपथ घेतली की यापुढे आपल्या हातून असला कागद कुणाच्या घरी जाणार नाही. शपथ घ्यायची मला वाईट खोड आहे. घेते मी आणि निस्तरतात घरचे.

तेव्हापासून मी दिलेल्या भेटी लोकांच्या लक्षात राहतात, पण आतल्या वस्तूमुळे नाही. कॅलेंडरची जुनी पानं मी बरीच वर्षं वापरली. एका बारशाला मी नेलेल्या झबल्यावर नेमकी अमावास्या आली, हे बाळाच्या आजीनं मला सर्वांदेखत दाखवलं. मग मी कापडाकडे वळले. एका गृहप्रवेशाला नेलेला डबा मी नवऱ्याच्या जुन्या चौकड्याच्या लुंगीत बांधला होता. चांगली धुतलेली, इस्त्री केलेली लुंगी. पण यजमानांनी फोटो पाठवले तेव्हा नवऱ्याला ती ओळखू आली, आणि ती जुनी झाली आहे हे त्याला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. तो शांत माणूस आहे. त्यानं फक्त उरलेल्या लुंग्या कपाटात वरच्या खणात हलवल्या.

आमच्या कॉलनीच्या महिला मंडळात मी यावर प्रात्यक्षिकही दिलं. तांदळाच्या पोत्याचं कापड, ओढणीच्या गाठी, अंबाडीची सुतळी, सगळं मांडून दाखवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्याच महिन्यात माझ्या वाढदिवसाला सगळ्या मिळून एक मोठं खोकं घेऊन आल्या. त्यावर सोनेरी कागद होता, त्यावर चंदेरी फीत आणि फितीवर प्लास्टिकचं गुलाबाचं फूल. मी हसून घेतलं. आत काय होतं ते मला आता आठवत नाही, कारण राग कागदाचाच आला होता.

इथवर सगळं चेष्टेत चाललं होतं. मग मुलीचं लग्न झालं.

ब्रह्मपुरीकडच्या एका गावात तिला दिलं. धानाची शेती, मोठं अंगण, माणसं चांगली. लग्नात विहीणबाईंना द्यायची मानाची साडी मी वर्तमानपत्रात बांधली. रंगीत पुरवणीचं पान मी मुद्दाम निवडून ठेवलं होतं, फुलांचं चित्र असलेलं. लग्नघरात कोणतं पान कुणी कुठं सरकवलं देव जाणे, मीही घाईत हाताला आलं त्यात साडी गुंडाळली आणि सुतळी बांधून मोकळी झाले. विहीणबाईंनी मांडवात ती हातात घेतली तेव्हा वरून तीन-चार गृहस्थ हार घातलेल्या चौकटींतून त्यांच्याकडे बघत होते. खाली ठळक अक्षरांत प्रथम पुण्यस्मरण. बाजूच्या बायकांनी वाचलं. विहीणबाईंनी पुडकं उलटं केलं आणि मांडीवर ठेवलं. उलट्या बाजूला तेराव्याचं निमंत्रण होतं.

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. भांडल्या नाहीत, तो त्यांचा स्वभाव नाही. पण फोनवर आल्या नाहीत, आमच्याकडे आल्या नाहीत, जे सांगायचं ते मुलीमार्फत. आणि त्या घरात मोटर जळाली की, म्हैस आटली की, कुणीतरी त्या पानाची आठवण काढायचं. मुलगी सुरुवातीला हे मला हसत सांगायची. नंतर हसेनाशी झाली. पुढं सांगेनाशी झाली, आणि तेव्हा मला खरी काळजी लागली. नव्या घरात पोरीचं बरं चालावं यापेक्षा मला दुसरं काही नको होतं, आणि तिथं तिला जो काही त्रास होता तो माझ्याकडून आहेर म्हणून गेला होता.

दिवाळीनंतर त्या भागात गावोगावी मंडई भरते. गावात जत्रा, रात्री नाटक, आणि प्रत्येक घरात पाहुण्यांची रीघ. त्यांच्या गावच्या मंडईचं मला पहिल्यांदाच बोलावणं आलं. मुलीनंच फोन केला.

"आई, तू मंडईले ये. सासूबाईसाठी साडी आण. अन् एक काम कर."

"काय गं?"

"दुकानातल्या कागदात बांध. गुलाबी घे, चमकीचा असला तरी चालते. साऱ्या बाया ओसरीवर बसून पायते कोणी काय आणलं ते. यावेळी तुझं काही डोकं लावू नको."

मी म्हणाले की त्या कागदात प्लास्टिक असतं.

"असू दे. मले इथी राहाचं हाये, तुले नाई."

एवढं बोलून ती इकडचं तिकडचं सांगू लागली. सासूबाईंनी यंदा तुळशीची माळ घातली, घरात मटन बंद झालं, मामाजींनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, स्वतःपुरती गोठ्यामागं वेगळी चूल मांडली. मी हूं हूं करत होते. माझ्या डोक्यात गुलाबी कागद अडकला होता.

साडी मी फार चांगली घेतली. आरमोरीकडची कोशाच्या रेशमाची, सायीच्या रंगाची, बारीक लाल काठ. मग कागदाच्या दुकानात गेले. खरंच गेले. दुकानदारानं गुंडाळ्या उलगडून दाखवल्या. हृदयांचा, फुग्यांचा, एक नुसताच झगझगीत. मी गुलाबी हातात धरला, तो बोटांखाली चुरचुरला, आणि मला अंगणातली ती काळी वडी आठवली. मी दुकानदाराला विचार करते म्हणाले आणि बाहेर आले. मुलीनं इतकी गळ घातलेली असताना विचार करण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

पण परत येताना रस्त्याकडेच्या छाटलेल्या सागांना नवे धुमारे फुटलेले दिसले आणि मला वाटलं, सुचलं! रद्दी नको, लुंगी नको, प्लास्टिक नको. पान! हिरवं, ताजं, सुपाएवढं. पानाला कोण अपशकुनी म्हणेल? सत्यनारायणालाही पान लागतं. मुलीची अट दुकानातल्या कागदाची होती हे मला आठवत होतं, पण मला असंही वाटत होतं की माझं पुडकं बघितल्यावर ती स्वतःच म्हणेल, आई, हे त्याहून छान.

जायच्या दिवशी सकाळी मी जय्यत तयारीनं बसले. आत पळसाच्या पानांचा थर, त्यावर सागाची मोठी पानं, बांबूच्या काड्यांनी टोचून जोडलेली. पत्रावळी लावणाऱ्या बायका हे काम गप्पा मारता मारता करतात. मी बोटांना काड्या टोचून घेत, तोंडानं पुटपुटत केलं. वरून सुतळी आडवी-उभी बांधली, गाठीत कोवळ्या पानांचं एक फूल खोचलं, आणि पानं वाळू नयेत म्हणून सगळ्यावर पाणी शिंपडलं. फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या, बदलीवर आलेल्या सगळ्या शेजारणींनी हात जोडले, हृदयं पाठवली. इथल्या बायकांपैकी एकीनंही काही लिहिलं नाही. मला वाटलं, जळतात.

नवरा ड्यूटीला निघाला होता. त्यानं दारात थांबून पुडक्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"कसं दिसते?" मी विचारलं.

"रविवार आठवला," तो म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

इतकं सुंदर तो माझ्या कुठल्याच कामाबद्दल कधी बोलला नव्हता. मी खुशीत बस धरली.

बसमध्ये मी पुडकं मांडीवर घेतलं होतं. मूल गाव येईपर्यंत शेजारची बाई सरकत सरकत खिडकीला चिकटली. मला वाटलं, जागा करून देते आहे. सिंदेवाहीच्या अलीकडे माझ्या पातळावर काहीतरी ओलं लागलं. बघते तर पुडक्यातून लालसर पाणी टिपकत होतं. सागाचं कोवळं पान चुरडलं की हात लाल होतात हे मला माहीत होतं, शाळेत असताना आम्ही तीच मेंदी म्हणून लावायचो. त्यामुळं मी घाबरले नाही, रुमालानं पुसलं आणि शेजारणीकडे बघून हसले.

"ताजं हाये न," ती म्हणाली.

"सकाळचंच," मी अभिमानानं सांगितलं.

ब्रह्मपुरीला काळी-पिवळी जीपमध्ये बसताना ड्रायव्हरनं पुडक्याकडे बोट केलं. "मावशी, ते मांगं ठेवा. सीट खराब होते." मी मागं ठेवायला साफ नकार दिला. गावात उतरले तेव्हा फाट्यावरचा एक कुत्रा उठला, अंग झाडलं आणि माझ्या मागं चालू लागला. थोड्या वेळानं दुसरा आला. मी त्यांच्याशी लाडानं बोलत बोलत मुलीच्या घरी पोचले. मुक्या जनावरांनाही प्लास्टिक आणि पान यांतला फरक कळतो, असं काहीसं मी मनाशी म्हणत होते. स्वतःशी बोलताना मी भाषणच देते.

अंगण माणसांनी भरलं होतं. ओसरीवर दहा-बारा बायका, त्यांच्यामध्ये विहीणबाई, गळ्यात तुळशीची माळ. मुलगी माजघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यात थांबलं. मी पायरीपाशी जाऊन दोन्ही हातांनी पुडकं पुढं केलं. त्यातून एक लाल थेंब शेणानं सारवलेल्या पायरीवर पडला.

विहीणबाईंनी हात पुढं केला नाही. उलट पदर आवरून त्या जराशा मागं झाल्या.

"हे मी खास तुमच्यासाठी आणलंय," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून उघडले. मग त्या आपल्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमच्या विहीणबाईनं आणलं. तुमी पाहा. घरात नोको."

व्याही खाटेवरून उठून आले. ते पुडकं त्यांनी ज्या मायेनं माझ्या हातातून घेतलं, तशी कुणी माझी कुठलीच भेट घेतलेली नव्हती. हातावर तोलून त्याचं वजन बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"विहीणबाई, आजपर्यंत कोणत्या पाव्हण्यानं माही इतकी कदर नाई केली," ते म्हणाले आणि पुडकं घेऊन गोठ्याच्या बाजूनं गेले. दोन्ही कुत्रे त्यांच्या मागं गेले.

साडी गोठ्याकडे कशाला नेतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला वाटलं, मंडईत देवापुढं ठेवायची असेल काही पद्धत. मी बायकांमध्ये बसले आणि पानांचे फायदे सांगू लागले. पान कुजतं, खत होतं, गाईनं खाल्लं तरी चालतं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. शेवटी शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला माझी दया आली. ती कानाजवळ येऊन म्हणाली, "बाई, इच्या गळ्यात माळ हाये. बोकडाचं आणाचं होतं तं व्याह्याच्या हाती देऊन द्याचं. इच्यापुढं काऊन धरलं?"

मग मला सगळं एकदम दिसलं. आमच्याकडे मटन नवरा आणतो, बाहेर शिजवतो, बाहेर खातो. मी त्यातली नाही. बाजाराच्या त्या ओळीला आयुष्यात कधी वळले नाही. पण आठवडी बाजारात ते कशात बांधून देतात हे मी जाता-येता लांबून शंभरदा पाहिलं होतं. सागाचं पान, पळसाचं पान, वरून काडी टोचलेली. रविवारी नवरा पिशवीतून जे आणतो ते तेच. इथल्या शेजारणी ग्रुपवर गप्प का होत्या तेही कळलं. माळकरी बाईच्या उंबऱ्यावर, सगळ्या नातेवाइकांसमोर, मी मटनाचं पुडकं खास तुमच्यासाठी म्हणून धरलं होतं.

मी गोठ्याकडे धावले. म्हणजे माझ्या वयात जेवढं धावता येतं तेवढं. माझ्या मागून मुलगी, तिच्या मागून विहीणबाई आणि मग अख्खी ओसरी. गोठ्यामागं व्याह्यांचा भाऊ घमेल्यात हळद-मिठाचं पाणी करून तयार बसला होता. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यानं विळ्यानं सुतळी कापली आणि पुडकं घमेल्यावर उलटं केलं.

कोशाची साडी त्या हळदीत अलगद उतरली. पाणी पिऊन जड झाली आणि खाली बसली. लाल काठाचं एक टोक तेवढं वर तरंगत राहिलं. व्याह्यांचा भाऊ पळीनं ते टोक उचलून बघत होता आणि व्याही हातात मसाल्याचा डबा घेऊन उभे होते. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.

मी काहीतरी बोलायला लागले. पानं, प्लास्टिक, अंगणातली वडी, असंच काहीतरी. तेवढ्यात मुलगी रडायला लागली. लहानपणी रडायची तसं, तोंडावर हात न घेता.

"एकच गोष्ट सांगतली होती मी तुले," ती म्हणाली. "एकच."

मला त्या क्षणी ती पानं, ती शपथ, माझं सगळं शहाणपण चुलीत घालावंसं वाटलं. मला स्वतःची खूप लाज वाटली. मी पुढं होऊन तिला जवळ घ्यायला हात केला. पण ती माझ्या बाजूला वळली नाही. ती विहीणबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती, आणि विहीणबाईंनी तिला एका हातानं धरून ठेवलं होतं, घट्ट, जणू माझ्यापासूनच वाचवत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरळ.

"काऊन रडवता हो पोरीले? इतकी रीतभातीची पोरगी, कधी काही मांगत नाई. एक कागद मांगतला तिनं मायले. एक कागद! तेवढंबी आयकाले येत नाई तुमाले?"

लग्नानंतर त्या माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मी म्हणाले, "चुकलं माझं." एरवी मी कारणं देते. त्या दिवशी एकही सुचलं नाही.

"चुकलं तं चुकलं," त्या म्हणाल्या. "तो मागचा कागदबी तुमीच बांधला होता न? हिले मी वरीसभर बोलली. हिचा काय दोष? मायच अशी हाये तं लेक काय करन?"

शेवटचं वाक्य त्यांनी बायकांकडे बघून म्हटलं आणि कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. मुलगीही रडता रडता हसली, त्यांच्या खांद्यातच तोंड ठेवून. मीही हसायचा प्रयत्न केला, पण तिथं माझं हसणं कुणाला नको होतं.

विहीणबाईंनी पदर खोचला आणि घमेल्यापाशी बसल्या. साडी उचलून त्यांनी उजेडात धरली. मध्ये पिवळी, कडेला पांढरी, जागोजागी नकाशासारखे डाग. "अर्धी पिवळी नाई चांगली दिसत," त्या म्हणाल्या. "पूरीच रंगवू. आण वं हळद." मुलगी घरातून हळदीचा डबा घेऊन आली. दोघींनी मिळून साडी उलगडली, पुन्हा घमेल्यात दाबली, वरखाली केली. त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले. मग साडी बाहेर काढून दोघींनी एकेक टोक धरलं आणि पिळायला लागल्या. मुलगी दमली की विहीणबाई थांबायच्या. विहीणबाईंचा हात घसरला की मुलगी हसायची. वर्षभरात तिला असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

मी मदतीला पुढं झाले आणि मधून साडी धरायला गेले.

"राहू दे आई," मुलगी म्हणाली. "आमी करतो."

मी मागं सरकले आणि गोठ्याच्या ओट्यावर बसले. मला जे हवं होतं ते अगदी समोर घडत होतं, आणि त्यात मला करायला काही उरलं नव्हतं. मला खूप बरं वाटलं आणि तितकंच वाईट वाटलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं डोळे भरून आले. मी पदरानं पुसले, पण विहीणबाईंनी बघितलं.

"जा वं," त्या मुलीला म्हणाल्या, "मायले पाणी दे. दुरून आली."

मुलीनं हात खसाखसा धुतले, आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. पाहुण्याला देतात तसा पेला खालून दुसरा हात लावून माझ्यापुढं धरला. मी पाणी प्यायले. तिनं पेला परत घेतला, ओट्यावर ठेवला आणि साडीचं टोक धरायला गेली.